तिसरे टिंब

आठव्या सेलमधले तिसरे टिंब एका सकाळी वर आलेच नाही.

ब्रेलच्या एका अक्षराला सहा टिंबांची जागा असते, तिला सेल म्हणतात. डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेत ४, ५, ६. तिसरे उठले नाही की म चा च होतो, न चा द, ल चा ब, र चा ह. मी अंध आहे, आणि ज्या यंत्रावर बोटाने ब्रेल वाचते त्यावर असे ३२ सेल आहेत, टिंबांच्या जागी बारीक पिना वर येतात. बाकीचे ३१ ठणठणीत असल्यामुळे चूक लगेच लक्षात येत नाही, कारण ओळीत आठव्या जागी जे अक्षर पडेल तेवढेच बदलते. मी सातवीच्या वर्गावर इतिहास शिकवत होते. डावा हात यंत्रावर, उजवा मोकळा, तोंड मुलांकडे. 'राजाला मूल नव्हते' हे माझेच टिपण, आणि बोटाखाली आले 'राजाला चूल नव्हते'. बोट थांबले, मागे गेले, पुन्हा वाचले. चूलच. पुढच्या 'नव्हते'मुळे संशय आला, नाहीतर मी तसेच बोलून गेले असते.

त्या रात्री यंत्राची तपासणी लावली. तिच्यात सगळ्या पिना एकदम वर येतात आणि बोटाला एक सलग खडबडीत पट्टी लागते. आठव्या सेलवर बोट आले की डाव्या रांगेत एक खळगा. मोहरीएवढासुद्धा नसेल, पण मला तो विहिरीएवढा वाटला. मनात आले, तिसऱ्याऐवजी चौथे टिंब गेले असते तर? मग औषधाच्या टिपणातला ३ हा १ झाला असता, ४ चा ५, ६ चा २, ७ चा ८. शब्द चुकला तर मागचापुढचा शब्द चुगली करतो. आकड्याची चुगली कोण करणार?

हे यंत्र मी २००३ साली घेतले. नोकरीचे दुसरे वर्ष होते. ज्या पैशात माझ्या डोळस भावाने चांगला लॅपटॉप घेऊन वर आणखी दोन घेतले असते, त्या पैशात मला एक ब्रेल नोटटेकर, म्हणजे टिपणे लिहायचे-वाचायचे हे यंत्र, मिळाला. कर्ज काढले, फेडायला चार वर्षे लागली. तक्रार म्हणून हे सांगत नाही. ते यंत्र मांडीवर घेऊन पहिल्यांदा स्वतःच्या टिपणांतून पाठ घेतला, त्या दिवशी मी घरी येऊन आईला सगळा तास पुन्हा बोलून दाखवला होता. तोवर मी पाठांतरावर शिकवायचे. पाठ करणे आणि वाचणे यांत केवढे अंतर आहे, हे ज्याला वाचता येते त्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

आता फोन बोलतो, संगणक बोलतो, मग हे कशाला, असे मला भलेभले विचारतात. वर्गात माझे कान मुलांसाठी असतात. मागच्या बाकावर कोण कुजबुजतेय, कोणाला प्रश्न विचारायचाय आणि धीर होत नाही, हे मला कानांनीच कळते. त्याच कानात यंत्राचा आवाज घातला तर वर्ग हातचा जातो. आणि दुसरे म्हणजे शुद्धलेखन. 'दिन' आणि 'दीन' यंत्राच्या तोंडून जवळजवळ सारखेच ऐकू येतात. ऱ्हस्वदीर्घ मी बोटांनी शिकले. ज्या मुलांना फक्त ऐकूनच शिकावे लागते, त्यांचे लिहिलेले हातात आले की मला रडू येते. ती हुशार असतात, पण शब्द कसा लिहिलेला असतो हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

तर मी कंपनीला पत्र लिहिले. दोन दिवसांत उत्तर आले. या मॉडेलची सेवा बंद झाली आहे, सुटे भाग उपलब्ध नाहीत, नवे मॉडेल घेतल्यास सवलत मिळू शकेल. भाषा अगदी नम्र होती. मी ते पत्र तीनदा वाचले, त्याच यंत्रावर, आणि तिन्ही वेळा आठव्या जागी कुठले ना कुठले अक्षर बिघडले.

यंत्र मेलेले नव्हते, हे मला कोणाला तरी पटवून द्यायचे होते. संगणकाच्या ब्रेलमध्ये सेलला आठ टिंबे असतात, सहांच्या खाली आणखी दोन. ३२ सेलच्या २५६ पिना झाल्या. त्यांतल्या २५५ चालत होत्या.

या पिना वर कशा येतात ते मी भावाकडून समजून घेतले. प्रत्येक पिनेमागे पिझो सिरॅमिकची एक अरुंद पट्टी असते, दोन थर एकमेकांना चिकटवलेली. तिला साधारण २०० व्होल्टचा दाब दिला की ती किंचित वाकते आणि टोकावरची पिन अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने उचलते. हा गुणधर्म क्युरी बंधूंनी १८८०च्या सुमारास शोधला, आणि ब्रेल दाखवायला आजही बहुतेक यंत्रे त्याच्यावरच चालतात. प्रत्येक पिन शेजारणीच्या उंचीला यायला हवी. बोट टेकले तर खाली बसता कामा नये. पुढची ओळ मागितली की डोळ्याचे पाते लवायच्या आत सगळ्या बदलायला हव्यात, आणि हे दिवसातून हजारो वेळा, वर्षानुवर्षे. शिवाय बोटाचे तेल, घाम, धूळ हळूहळू भोकांतून आत उतरते. असले नाजूक काम हजारोंनी करायचे आणि घेणारे मोजके. घेणारे मोजके म्हणून किंमत जास्त, किंमत जास्त म्हणून घेणारे मोजके. अनेक देशांतल्या अंधांच्या संस्थांनी एकत्र येऊन गेल्या दशकात २० सेलचे एक स्वस्त यंत्र बनवून घेतले, ऑर्बिट रीडर नावाचे. त्याच्या पिना सावकाश बदलतात आणि आवाज करतात, पण ते हातात आलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्यासाठी तो आवाज सणासारखा होता. तेव्हा किंमत कमी होऊ शकते. कोणीतरी ते मनावर घ्यावे लागते.

महाग असण्याबद्दल माझी खरी तक्रार नाहीच. महाग वस्तू एकदा घ्यावी, जपून वापरावी, हे समजते. मला कळत नाही ते हे, की इतके महाग घेऊनही ते माझे होत नाही. त्याचे सुटे भाग किती दिवस बनवायचे ते दुसरा ठरवतो. त्यातल्या फाइली कोणत्या सांकेतिक स्वरूपात साठवायच्या तेही दुसराच ठरवतो.

आणि बोटांना जे शिकवले त्याचे काय? माझा डावा अंगठा झोपेतही पुढच्या ओळीची कळ दाबेल. नव्या मॉडेलवर ती कळ दुसरीकडे गेलेली असते. डोळस माणसाला नवा फोन दिला तर तो बघतो आणि शोधतो. मला प्रत्येक कळ नव्याने पाठ करावी लागते, आणि तोवर वर्गात अडखळावे लागते. हा खर्च कुठल्याच बिलावर येत नाही.

आमच्या बाईंकडे ऑप्टॅकॉन होते. बाई म्हणजे ज्यांनी मला ब्रेल शिकवले त्या, त्याही अंधच. ऑप्टॅकॉन हे यंत्र स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन लिनव्हिल या प्राध्यापकांनी आपल्या अंध मुलीसाठी, कँडीसाठी, सहकाऱ्यांसह घडवले. १९७१च्या सुमारास ते बाजारात आले. एक चिमुकला कॅमेरा उजव्या हाताने छापील ओळीवरून सरकवायचा. डाव्या हाताची तर्जनी एका खाचेत ठेवायची. तिच्याखाली १४४ पिना, २४ आडव्या ओळी आणि सहा उभ्या रांगा. कॅमेऱ्याखाली शाई आली की त्या आकाराच्या पिना थरथरायच्या. ब्रेल नव्हे, छापील अक्षरच बोटावरून सरकत जायचे.

मी दहा वर्षांची असताना बाईंनी माझे बोट त्या खाचेत ठेवले आणि स्वतः कॅमेरा सरकवला. पहिल्यांदा नुसत्या मुंग्या आल्यासारखे वाटले. मग बाई म्हणाल्या, "वरच्या बाजूला लक्ष दे. काय लागतंय?" वरच्या ओळीतल्या पिना थांबतच नव्हत्या, एक सरळ रेघ बोटावरून वाहत होती आणि तिच्याखाली काहीतरी लटकत पुढे जात होते. "ती शिरोरेषा," बाई म्हणाल्या. शब्द संपला आणि रेघ तुटली. पुन्हा सुरू झाली. डोळस लोक ज्याला मराठी म्हणून बघतात ते असे असते, हे मला त्या दिवशी कळले. जन्मापासून अंध असलेल्या मुलीला शिरोरेषा दुसऱ्या कशाने दाखवली असती?

ऑप्टॅकॉनचे उत्पादन १९९६ साली बंद झाले. ते बनवणारी टेलिसेन्सरी कंपनी २००५ साली बंद पडली. त्यानंतरही लोक आपापली यंत्रे जपत राहिले, एकाचे भाग काढून दुसऱ्यात घालत राहिले. छापील मजकूर वाचायला आज फोनचा कॅमेरा पुष्कळ आहे, वाचून दाखवतो, पटकन दाखवतो. रे कुर्झवाइल या अमेरिकी संशोधकाचे, छापील मजकूर मोठ्याने वाचणारे पहिले वाचनयंत्र १९७६ साली आले तेव्हा ते धुलाईयंत्राएवढे होते आणि त्याला ५०,००० डॉलरच्या आसपास मोजावे लागत. तेच काम आज खिशातल्या फोनवर फुकट होते. ही प्रगती खरी आहे आणि मी तिच्या जिवावर रोज जगते. पण फोन मला अक्षराचा अर्थ सांगतो, आकार सांगत नाही. बाईंचे ऑप्टॅकॉन बंद पडल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "माझी सही आता कशी दिसते ते मला कळणार नाही."

यंत्र निदान टेबलावर असते. २०२२ साली एका बातमीने माझी दोन रात्रींची झोप उडवली. सेकंड साइट नावाच्या अमेरिकी कंपनीने 'आर्गस २' हे कृत्रिम दृष्टिपटल बनवले होते. डोळ्यात शस्त्रक्रियेने बसवलेली ६० इलेक्ट्रोडची जाळी, चष्म्यावर कॅमेरा, कमरेला छोटा संगणक. युरोपात २०११ साली आणि अमेरिकेत २०१३ साली त्याला परवानगी मिळाली. शस्त्रक्रिया सोडून नुसत्या यंत्राचीच किंमत दीड लाख डॉलरच्या घरात. त्यातून दिसायचे ते प्रकाशाचे ठिपके, दाराची चौकट, रस्त्यावरच्या पट्ट्या. तरी ज्यांनी वर्षानुवर्षे काही पाहिले नव्हते त्यांना तेवढेही फार वाटले. जगभर साडेतीनशेच्या वर लोकांनी ते बसवून घेतले. २०१९ साली कंपनीने ते बनवणे थांबवले, २०२० साली बहुतेक कर्मचारी घरी पाठवले. कोणाचे यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारे कोणी नाही. एका रुग्णाला एमआरआय काढायचा होता. डोळ्यात काय आहे, ते त्या चुंबकात चालेल का, हे विचारायला त्याने संपर्क साधला तर उत्तर द्यायला पलीकडे माणूस नव्हते.

त्या लोकांच्या डोळ्यात ते अजून आहे. काढायचे तर पुन्हा शस्त्रक्रिया, न काढावे तर बंद पडलेली एक वस्तू आयुष्यभर शरीरात. माझ्या आठव्या सेलचे दुःख त्यापुढे काहीच नाही, हे मला कळते. पण दोन्हींत गोष्ट एकच घडली आहे. माणसाने आपल्या शरीराचा एक भाग म्हणून जे स्वीकारले, ते दुसऱ्याच्या ताळेबंदात तोट्याची बाब ठरले.

सॉफ्टवेअरचे वेगळे नाही. सिंबियन या जुन्या प्रणालीवर चालणाऱ्या फोनवर बोलणारे सॉफ्टवेअर वेगळे विकत घ्यावे लागे. सिंबियन गेले तसे तेही गेले. विंडो-आइज हा स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, कित्येकांची रोजीरोटी होता, तो २०१७ साली बंद झाला. एका जुन्या स्क्रीन रीडरचा परवाना मला फ्लॉपीवर मिळाला होता. ती फ्लॉपी खराब झाली आणि मी विकत घेतलेले सॉफ्टवेअर मलाच उघडेना. म्हणून २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हा मोफत आणि खुला स्क्रीन रीडर लिहायला घेतला, तेव्हा माझ्यासारख्यांना काय वाटले असेल ते शब्दांत सांगणे कठीण आहे. त्याचे म्हणणे साधे होते. तोच संगणक वापरायला अंधाने डोळसापेक्षा जास्त पैसे का मोजावेत? २००९ साली आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आधीपासून बसवलेला आला, तेव्हाही तसेच वाटले होते. दुकानातून आणलेला फोन, कोणाची मदत न घेता, पहिल्या मिनिटापासून माझा.

अर्थात फोनलाही मुदत असते. बँकेचे अॅप एका रात्रीत बदलते आणि सकाळी फोन म्हणतो, "बटन. बटन. बटन." कुठले बटन पैसे पाठवते आणि कुठले रद्द करते, देव जाणे. पुढच्या बदलात कोणीतरी बटनांना नावे देते, त्याच्या पुढच्या बदलात ती पुन्हा जातात.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२च्या अहवालात म्हटले आहे की जगात अडीच अब्जांहून अधिक माणसांना एखादे तरी सहाय्यक साधन लागते, आणि काही गरीब देशांत ते मिळण्याचे प्रमाण ३ टक्क्यांइतके खाली आहे. त्यात चष्मे, श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या, सगळे आले. ९७ जणांचा विचार करून जीव कासावीस होतोच. पण ज्या तिघांना मिळाले त्यांनाही मला विचारावेसे वाटते, की तुमचे अजून चालते का हो?

माझ्या यंत्रात आणखी एक भीती दडलेली होती, ती मला उशिरा कळली. त्या पिढीच्या काही यंत्रांत फाइली बॅटरीच्या आधारावर जिवंत राहत. बॅटरी पूर्ण संपली की सगळे पुसले. माझे त्यातलेच. टिंब गेल्यावर मी घाईघाईने सगळे बाहेर काढायला बसले. यंत्राला नऊ पिनांचे जुने सीरियल पोर्ट, नव्या कुठल्याच संगणकाला ते नाही. भावाने माळ्यावरून जुना संगणक काढला, त्यावर जुने विंडोज, त्यावर कंपनीचे जुने सॉफ्टवेअर. दोन रविवार गेले. ब्रेलमधले कोष्टक साध्या मजकुरात येताना मोडले, सनावळ्या एकात एक मिसळल्या. त्या मी पुढचे दोन महिने हाताने लावत होते. २०१८ साली ब्रेल डिस्प्लेंसाठी यूएसबीचे एक समान प्रमाण ठरले आहे. ते पाळणारे यंत्र कुठल्याही संगणकाला नुसते जोडले की चालावे, खास सॉफ्टवेअर लागू नये, हा त्याचा हेतू. ते १५ वर्षे आधी ठरायला हवे होते.

टिंब गेले त्याच वर्षी बाईही गेल्या. त्यांच्याकडेही हेच मॉडेल होते, किंबहुना त्यांनीच मला ते सुचवले होते. त्यांची मुलगी ते घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "मावशी, आईला हे तुम्हालाच द्यावंसं वाटलं असतं. सुट्या भागांना तरी होईल." मग जरा थांबून तिने विचारले, "त्यात आईचं काही लिहिलेलं आहे का हो? ती रोज रात्री काहीतरी लिहीत बसायची."

मी चार्जर लावला. बराच वेळ गेला. यंत्र उठले, आणि आधी तारीख विचारली. तारीख विचारली म्हणजे काय ते मला कळले. तरी मी फाइलींची यादी उघडली, बोट फिरवले. ३२ सेल सपाट. मी तिला सांगितले, आणि ती काही बोलली नाही. बाईंच्या हातच्या ब्रेल पाटीवर टोचलेल्या जुन्या वह्या त्यांच्या कपाटात आहेत का, असे मी विचारले. जाड कागद, उजवीकडून डावीकडे उलटी अक्षरे टोचत लिहिलेला. आहेत, ती म्हणाली, दोन पेट्या आहेत, पण त्या लग्नाआधीच्या.

पुढच्या आठवड्यात भाऊ स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला. त्याने दोन्ही यंत्रे उघडली आणि विचारले, "ताई, डावीकडून मोजू का उजवीकडून?"

"डावीकडून. आठवा."

त्याने तो उपसून माझ्या तळहातावर ठेवला. अरुंद, हलका, एका टोकाला आठ पिना आणि मागे पट्ट्यांची चवड. इतकी वर्षे मी त्याच्या डोक्यावर बोट फिरवत होते आणि अंगाला पहिल्यांदा हात लागत होता. बाईंच्या यंत्रातला आठवा सेल तिथे बसला. भावाने झाकण लावायच्या आधीच मी तपासणी सुरू केली. एक बारीक टकटक झाली. पट्टी सलग होती. मग मी राजाचा पाठ उघडला आणि मूल वाचले.

बाईंचे उरलेले सेल त्याने एकेक करून काढले, कापसाच्या घड्यांत ठेवले, एका पत्र्याच्या डब्यात. मी कपाटातून माझे पर्किन्स ब्रेलर, ब्रेलचे टंकयंत्र, ओढून टेबलावर आणले. जवळजवळ पाच किलोचे धातूचे धूड. डेव्हिड अब्राहम यांनी घडवलेल्या आणि १९५१ साली बाजारात आलेल्या नमुन्याचे, वयाने माझ्याहून मोठे, सहा कळा आणि ओळ संपत आली की वाजणारी घंटा. चिकटपट्टी त्यात घातली आणि डब्यासाठी चिठ्ठी लिहिली. बाईंचे नाव, मॉडेलचा क्रमांक, आणि खाली आकडा, ३१.